कवच रात्री बनतं: परसातल्या कोंबड्यांचं खाणं, पाणी आणि गादी

ज्वारी टाकतो, बाजरी टाकतो, उरलेला भात-पोळीही घालतो, कोंबड्या दिसायला टुणटुणीत आहेत. तरी अंडं हातात घेतलं की कवच बोटाखाली दबतं. पुण्याच्या आसपास बंगल्याच्या परसात किंवा फार्महाऊसवर सहा-आठ कोंबड्या पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. कोंबडीला काही रोग झालेला नसतो. तिचं खाणं पुरेसं असतं, फक्त त्यात हवं ते नसतं.

साधा हिशोब मांडून बघा. 55 ग्रॅमच्या अंड्याचं कवच 5 ते 6 ग्रॅम भरतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. म्हणजे एका अंड्यामागे कोंबडीच्या अंगातून 2 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम बाहेर जातं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं साधारण 30 मिलिग्रॅम. बाजरी थोडी बरी, पण फार नाही. नाचणीचं एवढं कौतुक, तरी तिच्यात 350 मिलिग्रॅमच्या आसपासच. नुसती नाचणी खाऊ घातली तरी निम्मंसुद्धा भरत नाही. उरलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावर आलेल्या मादीच्या पायाच्या लांब हाडांत यासाठी कॅल्शियमचा खास साठा तयार होतो, पण तो काही दिवसांची उसनवारी भागवण्यापुरता असतो. तो संपला की आधी कवच पातळ होतं, मग नुसत्या पापुद्र्याचं, बिनकवचाचं अंडं पडतं आणि शेवटी कोंबडी लंगडू लागते.

अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले जवळपास 20 तास ते कवच बनवणाऱ्या भागात असतं. कवचाचा मोठा हिस्सा चढतो रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. त्या वेळी ती काही खात नाही, पोटात जे आहे त्यावरच काम चालतं. म्हणून दुपारी चारनंतर कोंबड्या आपण होऊन शिंपल्याच्या वाटीकडे वळतात. हे नीट बघण्यासारखं आहे: सकाळी त्या वाटीला चोचही लावत नाहीत आणि संध्याकाळी त्याच वाटीभोवती गर्दी करतात. तेव्हा शेल ग्रिट, म्हणजे शिंपल्यांचा चुरा, वेगळ्या वाटीत कायम ठेवा आणि तो पिठासारखा नको, ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुकड्यांचा हवा. पीठ तासा-दोन तासांत विरघळून पुढे जातं. जाड तुकडा पोटात अडकून राहतो आणि रात्रभर थोडं थोडं कॅल्शियम देतो. घरच्या अंड्यांची कवचंही चालतात. मात्र ती वाळवून, भाजून, बारीक चुरून द्या. अर्धं कवच तसंच टाकलं तर अंडं फोडून खायची सवय लागू शकते आणि ती एकदा लागली की सुटणं अवघड.

शेल ग्रिट आणि दगडी खडे यांत लोक नेहमी गल्लत करतात. कोंबडीला दात नाहीत. दाणे दळले जातात ते जाड स्नायूंच्या जठरात, कलेजी-पेठा मागताना जो पेठा मिळतो त्यात. तिथे दळायला न विरघळणारे खडे लागतात. आपल्याकडे पायाखाली काळा कातळ आणि मुरूमच आहे, त्यामुळे मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतः टिपतात. बंद खुराड्यात किंवा फरशीवर असतील तर खडीची बारीक कच आणून मूठभर ठेवा. कच दळते, कॅल्शियम देत नाही. शिंपला कॅल्शियम देतो, दळायला टिकत नाही. दोन्ही लागतं.

दाणे म्हणजे पूर्ण जेवण नव्हे

धान्यातून ऊर्जा मिळते, पण ज्वारी, बाजरी, मका यांत प्रथिनं साधारण 9 ते 11 टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के लागतात. दिवसभर मोकळ्या रानात फिरणारी गावरान कोंबडी किडे, वाळवी, गांडुळं खाऊन हा फरक भरून काढते आणि तरीही वर्षाला 60-80 अंडीच देते. दहा बाय दहाच्या परसात चार दिवसांत सगळे किडे संपतात. तिथे ग्रामप्रिया किंवा गिरिराजसारखी, गावरानपेक्षा जास्त अंडी देणारी सुधारित जात नुसत्या ज्वारीवर ठेवली, तर ती महिनाभर अंडी देईल आणि मग अंडी बंद करेल.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बाजारातलं लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी तयार मिळणारं खाद्य. त्यात प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम आधीच घातलेलं असतं. घरीच मिसळायचं असेल तर 10 किलोसाठी हा अंदाज धरा: भरडलेला मका साडेपाच किलो, सोयाबीन पेंड 2 किलो 400 ग्रॅम, तांदळाचा कोंडा 1 किलो, शेल ग्रिट 900 ग्रॅम, डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट 100 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम, मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) 10 ग्रॅम आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण पुडीवर लिहिलेल्या मापाने. प्रथिनं सतराच्या जवळ येतात. शेवटच्या तीन-चार गोष्टी ‘एवढ्याशा तर आहेत’ म्हणून गाळल्या जातात आणि मिश्रण नेमकं तिथेच फसतं. त्या आधी किलोभर मक्याच्या भरड्यात नीट कालवा आणि मग तो भरडा मोठ्या ढिगात मिसळा. नाहीतर एका कोंबडीच्या वाट्याला सगळं मीठ येतं. सोयाबीनची पेंडच घ्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. पेंड करताना उष्णता दिल्याने ते निकामी होतात.

मुठीने दाणे टाकायचेच असतील तर संध्याकाळी, कोंबडीमागे 10-15 ग्रॅम, लेयर खाद्य खाऊन झाल्यावर. त्यांना उकरायला काम मिळतं आणि रात्री आत घेणंही सोपं जातं.

स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. सहा कोंबड्या दिवसाला साधारण 660 ग्रॅम खातात. दहावा हिस्सा 66 ग्रॅम, म्हणजे पावणेदोन पोळ्या. सगळ्यांनी मिळून. हे वाचून बऱ्याच घरांना धक्का बसेल. मेथी-पालकाचे देठ, शेवग्याचा पाला, कोबीची वरची पानं, कलिंगडाची साल खुशाल द्या. दिवाळीनंतर उरलेला चिवडा आणि फरसाण मात्र नको, कारण जास्त मीठ कोंबडीला झेपत नाही. कच्चा राजमा, हिरवट बटाट्याच्या साली, चहाचा चोथा, अॅव्होकॅडो आणि बुरशी आलेलं काहीही टाळा.

बुरशीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मका आणि शेंगदाणा पेंड यांवर दमट हवेत येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. ते यकृतावर घाव घालतं, अंडी घटतात, लसही नीट लागू पडत नाही. उन्हात वाळवून किंवा भाजून बुरशी मरेल, पण विष जात नाही. वास येत नाही म्हणजे खाद्य चांगलं, असंही नाही. उपाय एकच, कमी विकत घ्या. सहा कोंबड्यांना 50 किलोचं पोतं अडीच महिने पुरतं. स्वस्त पडतं म्हणून जूनमध्ये ते आणलं तर ऑगस्टपर्यंत ते दमट हवेत पडून राहतं. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांचंच, म्हणजे 15-20 किलो आणा, झाकणाच्या पिंपात भरा आणि पिंप फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. गाठी झालेलं खाद्य गाठी फोडून घालायचं नसतं, टाकून द्यायचं असतं.

वयाची एक अडचण. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत स्टार्टर, म्हणजे 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं खाद्य. पुढे तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांना, साधारण 18 आठवड्यांपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढीचं खाद्य. पहिलं अंडं दिसलं की लेयर. ‘चांगलंच आहे ना’ म्हणून तलंगांना आधीपासून लेयर घातलं तर त्यातलं जादा कॅल्शियम मूत्रपिंडं खराब करतं. कळपात सगळ्या वयाच्या असतील आणि वेगळं खायला घालणं जमत नसेल, तर सगळ्यांना ग्रोअर घाला आणि शेल ग्रिटची वाटी बाजूला ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर खाते. कोंबड्यालाही हेच सोयीचं. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांसाठी. दाटीच्या वस्तीत पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना सोसत नाही, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

पाणी आणि मे महिना

कोंबडी खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते: एरवी 200-250 मिलिलिटर, एप्रिल-मेच्या उन्हात 400-500. अंड्यातल्या बलकात आणि पांढऱ्यात मिळून तीन चतुर्थांश पाणीच असतं. एक दिवस भांडं कोरडं राहिलं तर अंडी घटतात, आणि गणपती-दिवाळीला गावी जाताना नेमकं हेच होतं.

उन्हाळ्यात पाणी असूनही त्या पीत नाहीत. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी आपल्याला हात धुवायला नको वाटतं, तेच त्यांच्या भांड्यात जातं. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंग थंड करते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणाऱ्या कार्बोनेटचा कच्चा माल कमी पडतो. मे महिन्यात उत्तम खाद्य आणि भरपूर शिंपला असूनही कवचं पातळ होतात ती यामुळे. अशा वेळी आणखी कॅल्शियम ओतून उपयोग नाही, कोंबडी थंड ठेवावी लागते. मातीच्या पसरट भांड्यात सावलीत पाणी ठेवा आणि दुपारी दोनदा बदला. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. खुराड्याच्या पश्चिमेला गोणपाट बांधून ते ओलं ठेवा. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्याने ओल्या गोणपाटाचा गारवा चांगला जाणवतो. मात्र हवा खेळती हवी. चारही बाजूंनी गोणपाट लावून आत वाफारा झाला तर उपाय उलटतो. पंख पसरून, मान लांब करून आडवी पडलेली कोंबडी दिसली तर तिचे पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असावी. खाली ठेवलं तर गादी, म्हणजे खुराड्यातलं तुसा-भुशाचं अंथरूण, उकरून आत टाकतात आणि पाण्याचं सार होतं. खाद्याचं भांडंही त्याच उंचीला आणि एक तृतीयांशच भरलेलं. काठोकाठ भरलं की चोचीने उडवून बरंच वाया घालवतात.

गादी ओली झाली की सगळं बिघडतं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक आजारांची सुरुवात जमिनीतून होते. एक कोंबडी रोज 100 ग्रॅमच्या वर विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. ते शोषायला चार ते सहा इंच जाड गादी लागते. आपल्याकडे भाताचं तूस उत्तम. मावळ, मुळशी, भोरकडच्या भात गिरण्यांवर ते पोत्याने मिळतं. लाकडाचा भुसा घ्यायचा तर जाड रंध्याचा घ्या; बारीक भुसा पाणी पिऊन चिखल होतो आणि पिल्लं तो खातात.

गादी मुठीत घट्ट दाबून सोडा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओली आहे, किंचित चिकटून लगेच विस्कटला तर बरोबर, नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. दुसरी परीक्षा नाकाची, पण ती उभ्याने करू नका. खुराड्यात उकिडवे बसा आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया त्यांच्या श्वासनलिकेला केव्हापासून जाळतोय असं समजा. यातूनच सर्दी, डोळे सुजणं, घरघर सुरू होतं.

अशा वेळी चुना मारण्याचा सल्ला सर्रास मिळतो. कोंबड्या आत असताना ओल्या गादीवर चुना टाकला तर अमोनिया उलट जास्त सुटतो. खुराडं रिकामं केल्यावर जमिनीवर चुना मारायला हरकत नाही. एरवी ओली झालेली जागा, बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखालची, फावड्याने उचलून बाहेर काढा, कोरडं तूस घाला आणि बाकीची गादी आठवड्यातून दोनदा खालीवर करा. छपराची वळचण दोन फूट तरी बाहेर काढा; पुण्याचा पाऊस फार नाही, पण वाऱ्यासोबत आडवा येतो.

ओल्या गादीतला खरा शत्रू रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. याचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब-ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. कोरड्या गादीत ते फार वाढत नाहीत. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना धोका जास्त: पंख पाडून, पाठीला कुबड काढून गप्प उभी राहतात, विष्ठेत रक्त दिसतं. फिनेलने हे परजीवी मरत नाहीत. औषध अॅम्प्रोलियम, पाण्यातून, पशुवैद्यांनी सांगितलेल्या मात्रेने. हाताशी असलेलं कुठलंही अँटिबायोटिक देऊन दिवस घालवू नका.

जागा आणि शिकारी

खुराड्यात कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट, बाहेर फिरायला आठ-दहा. झोपायला दोन इंच रुंदीची, कडा गुळगुळीत केलेली दांडी, प्रत्येकीला आठ-नऊ इंच. चार-पाच जणींत एक अंड्याची पेटी, फूटभर लांब-रुंद-उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांडीपेक्षा खाली. वर असली तर त्यातच झोपून घाण करतात.

षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. बावधन, पाषाण, वारजे अशा टेकडीकडेच्या भागांत मुंगूस आणि रानमांजर नेहमीचं. अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या आणि ती फूटभर जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड ठेवा. घूस खालूनच येते.

लसी

राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, आली की दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं होतं आणि तिच्यावर औषध नाही. पिल्लं खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून आणा की खासगी हॅचरीतून, पहिल्या दिवशीची मॅरेक्स या रोगाची लस दिली का हे विचारा. ती नंतर घरी देता येत नाही. पुढे पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमाराला गंबोरो या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पडद्यात, आणि त्यानंतर आठवडाभराचं तरी अंतर ठेवून आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान राणीखेतची आर-टू-बी टोचून.

अडचण अशी, की कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून जवळच्या चार-पाच पाळणाऱ्यांनी एकच दिवस ठरवावा. लस दुकानापासून घरापर्यंत बर्फातच आली पाहिजे. पाण्यातून द्यायची तर महापालिकेचं नळाचं पाणी तसंच वापरू नका. त्यातलं क्लोरीन लसीतला जिवंत विषाणू मारतं. रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घ्या, लिटरमागे 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी विरघळवा, मग लस घाला. त्याआधी दोन तास कोंबड्यांपुढचं पाण्याचं भांडं काढून ठेवा म्हणजे तहानलेल्या कोंबड्या सगळं पटकन पितात.

हिवाळा आणि पिसं झडणं

दिवस लहान व्हायला लागले की अंडी कमी होतात. कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात पुण्याचा दिवस 11 तासांचा असतो. बल्ब लावायचा तर पहाटे लावा. संध्याकाळी अचानक विझवला तर त्या अंधारात दांडी शोधत धडपडतात. पण परसातल्या सहा कोंबड्यांना ही सक्ती करण्यात फारसा अर्थ नाही. त्याच सुमाराला वर्षाची पिसं झडतात आणि दोन-तीन महिने अंडी बंद राहतात. पिसं बहुतांशी प्रथिनांचीच असतात, तेव्हा या काळात अंडी नाहीत म्हणून पेंड कमी करू नका. थंडीत खुराड्याला पडदा लावा तो वाऱ्याच्या बाजूनेच, आणि वरची वीतभर जागा उघडी ठेवा.

रोजची तपासणी दोन मिनिटांची. सकाळी दांडीखालची विष्ठा बघा: वर पांढरा ठिपका असलेली घट्ट विष्ठा निरोगी. हिरवी पातळ, रक्ताची किंवा फेसाळ दिसली तर कोणाची ते शोधा. गळ्याखालची अन्नपिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही टणक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर काहीतरी अडकलंय. पंधरवड्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन जा. झोपेतली कोंबडी मुकाट हातात येते. पंखाखाली आणि शेपटीखाली उवा-लिखा बघा आणि दांडीच्या खाचांत बोट फिरवा. रक्त पिणारे लाल किडे दिवसभर त्या खाचांत लपलेले असतात आणि बोटाला लाल रेघ उमटते. अशा वेळी कोंबडीपेक्षा दांडीवर आणि फटींवर उपचार जास्त गरजेचा. चुलीची राख आणि कोरडी माती घातलेली एक पाटी कायम ठेवली तर बरंचसं काम त्या स्वतःच लोळून करतात.

आजारी वाटली की आधी वेगळी ठेवा, मग कारण शोधा. औषध चालू असताना आणि पशुवैद्य सांगतील तेवढे दिवस पुढेही तिची अंडी खाऊ नका. एकाच वेळी दोन-तीन मेल्या, तोंड सुजलं, तुरा निळा पडला, तर कापून बघू नका, नाल्यात किंवा कचऱ्यात टाकू नका आणि उरलेल्या विकूनही टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, नमुने कसे पाठवायचे ते तेच सांगतात. एखादीच मेली असेल तर तीन फूट खोल खड्ड्यात, वर-खाली चुना टाकून, विहीर-बोअरपासून लांब पुरा आणि हात धुतल्याशिवाय बाकीच्यांच्या पाण्याला लावू नका.